निसार मिस्त्रीचा डावा कान

“पत्रा कापायचा न्हाय हं, मिस्त्री. एक इंचबी न्हाय. आदीच सांगून ठेवतोय.”

बाळासोनं हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा निसार मिस्त्री जीपच्या डॅशबोर्डाखाली उताणा पडला होता आणि त्याच्या ओठांत दोन स्क्रू होते. त्यानं स्क्रू हातात घेतले, मान बाहेर काढली आणि म्हणाला, “बाळासो, तीस वर्सं झाली मी गाड्यांत रेडिओ बसवतोय. पत्रा कापाय अक्कल लागत न्हाय, छिन्नी लागती. अक्कल लागती ती न कापता बसवाय.”

बाळासो हसला. शिरोली एमआयडीसीत त्याची लहानशी फौंड्री होती. वय तिशीच्या आतबाहेर, आणि आयुष्यातली पहिली चारचाकी दारात येऊन जेमतेम महिना झालेला. एका साखर कारखान्यानं लिलावात काढलेली जुनी जीप होती ती. इंजिन ठणठणीत, सीटा फाटक्या आणि डॅशबोर्डात मूळचाच बसवलेला रेडिओ. दोन बटणं, मधोमध एकच स्पीकर. त्यावर बातम्या लावल्या तर सांगणाऱ्याला पडसं झालंय असं वाटायचं. बाळासोच्या मेहुण्यानं मुंबईहून जपानी स्टिरिओ आणि दोन स्पीकर पाठवले होते. स्टिरिओ म्हणजे एक आवाज डावीकडून, एक उजवीकडून, आणि मधे बसलेला माणूस राजा. कोल्हापुरात घराघरांवर टीव्हीचे अँटेने नुकते कुठे दिसू लागले होते, त्या दिवसांत गाडीत जपानी स्टिरिओ म्हणजे गावभर मिरवण्याची गोष्ट होती.

बाळासो आधी स्टेशन रोडवर सयाजीच्या दुकानात गेला होता. काचेची दारं, आत पंखा, भिंतीवर ओळीनं मांडलेले गाड्यांचे टेप. तिथं त्यांनी सांगितलं, स्टिरिओ जुन्या रेडिओपेक्षा दोन बोटं रुंद आहे, पत्रा कापावा लागेल. बाळासोचं काळीज चर्र झालं. एका स्पीकरची तुटकी तार तेवढी बदलून घेऊन त्यानं गाडी तशीच मागं घेतली आणि उद्यमनगरात निसारच्या दुकानापुढं आणून उभी केली.

निसारनं सकाळपासून कानस घेऊन जुन्या रेडिओची चौकट घासत आणली होती. शेजारी केरबाची लेथची शेड होती, त्याच्याकडून लोखंडाच्या दोन पट्ट्या वाकवून घेतल्या होत्या. अकराच्या सुमाराला स्टिरिओ त्या जागेत असा जाऊन बसला की कारखान्यातूनच गाडीबरोबर आला असावा. पत्र्याला ओरखडासुद्धा नव्हता. केरबा हात पुसत येऊन बघून गेला आणि काही न बोलता परत गेला. केरबा काही बोलला नाही म्हणजे काम फार चांगलं झालं, हे निसारला ठाऊक होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती निसारनं नऊ वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

त्याचा डावा कान गेला होता. मंद झाला, कमी झाला, असलं काही नाही. पार गेला होता. तरुणपणी रेडिओच्या कामाच्या जोडीला त्याचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. लग्नं, निवडणुका, गणपती. बैलगाडीवर मशीन, मशीनशेजारी निसार आणि त्याच्या डाव्या खांद्याला टेकलेला भोंगा. वीस वर्षं तो भोंगा त्याच्या त्या कानात ओरडला. मग एका सकाळी त्यानं हातातलं घड्याळ काढून सवयीनं डाव्या कानाला लावलं. टिकटिक नाही. घड्याळ बंद पडलं म्हणून मागचं झाकण उचकटून त्यानं ते उघडलं, तर आत सगळी चक्रं नीट फिरत होती. उघडं घड्याळ तळहातावर घेऊन तो किती तरी वेळ बसून राहिला.

रेडिओच्या मिस्त्रीला ऐकू येत नाही, हे कळलं तर दुकानात कुत्रं फिरकणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. निसारनं मूठ झाकली आणि ती झाकून ठेवायच्या नाना युक्त्या काढल्या. दुकानातला स्टूल त्यानं असा सरकवला की डाव्या अंगाला भिंत यावी. रस्त्यानं चालताना तो कायम डाव्या कडेनं चालायचा. आणि तरीही डावीकडून कुणी काही बोललंच, तर “व्हय व्हय” म्हणायचं. व्हय म्हटल्यानं आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. भांडणं ‘न्हाय’ म्हटल्यानं होतात.

म्हणून त्या दिवशी डाव्या बाजूच्या स्पीकरच्या तारांना तो शिशाचा डाग देत होता आणि बाळासो डाव्या दाराशी उकिडवा बसून तारांकडे बोट दाखवत काहीतरी सांगत होता, तेव्हा निसारला त्याचे फक्त ओठ हललेले दिसले. हातातली डाग द्यायची कावी तापलेली, शिसं ओघळायला आलेलं. मान वळवून उजवा कान पुढं करावा इतकी सवड नव्हती.

“व्हय व्हय,” निसार म्हणाला. “बगितलंय मी.”

बाळासो समाधानानं उठला. निसारनं लाल तार लाल खुणेला जोडली, काळी काळीला, आणि डाग फुंकून गार केला.

मग परीक्षा. निसारची परीक्षा घ्यायची पद्धत अशी, की उजवा कान आधी एका स्पीकरला चिकटवायचा, मग दुसऱ्याला. दोन्ही खणखणीत वाजत होते. मधे बसून मात्र तो ऐकत नसे. मधे बसलं की अर्धा मुलूख उजाड लागायचा, आणि ते त्याला सोसायचं नाही. बाळासोला घाई होती, फौंड्रीत भट्टी लागायची होती. तो जीप घेऊन गेला. निसार घरी जेवायला गेला.

घर दोन गल्ल्या पलीकडं. त्याची बायको ताजबी भाकरी वाढताना नेहमीसारखी त्याच्या उजव्या हाताला बसली. त्याच्या कानाचं ती एकटीच काय ती जाणून होती.

“स्टिरिओ बसवला म्हणं,” ती म्हणाली.

“बसवला. पत्रा न कापता.”

“तुमास्नी ऐकू आला त्यो? दोन्हीकडनं?”

निसारचा घास हातात राहिला. “बसवणाऱ्याला ऐकू कशाला यायला पायजे? आचारी काय सगळ्या पंगतीचं जेवतोय?”

“तसं न्हवं. सांगून टाका म्हणतीया मी लोकास्नी. किती दिस असं चोरावानी वागायचं? चोरी केलीया का काय तुमी?”

“सांगितलं की संपलं, ताजबी. आंधळ्या सोनाराकडं कोण सोनं देतंय?”

भाकरीचा दुसरा तुकडा ताजबीनं थोडा जोरातच ताटात टाकला. निसारनं त्याकडे लक्ष दिलं नाही. काम झकास झालं होतं आणि त्या गुर्मीत तो होता.

चारच्या ठोक्याला जीप परत आली. बाळासोच्या शेजारी सयाजी बसला होता. इस्त्रीचा सफारी, खिशाला पेन. सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत हाच सयाजी याच गल्लीत सायकलचे डायनॅमो दुरुस्त करत बसायचा.

“मिस्त्री, जरा बगा की,” बाळासो उतरत म्हणाला. त्याचं तोंड पडलेलं होतं. “आमच्या तालमीची कॅसेट लावली. हलगी वाजतीया कडाकडा, पण घुमकं कुठं गेलं त्येच कळंना. वाटंत सयाजीराव भेटलं, ते म्हणालं चला, बगू.”

हलगी आणि घुमकं म्हणजे जोडी. हलगी बोलते आणि घुमकं तिला खालून घुमत जबाब देतं. घुमक्याशिवाय हलगी म्हणजे भांड्यावर चमचा. निसारनं बटण दाबलं, आणि पहिल्यांदाच आत शिरून सीटच्या मधोमध बसला. खरंच की. चमचाच वाजत होता.

तो उतरला तेव्हा सयाजी त्याच्या डाव्या अंगाला बॉनेटवर हात टेकून उभा होता. सयाजी काहीतरी बोलला. निसारला ते ऐकू आलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच की केरबानं लेथ बंद केलं, समोरच्या गाड्यावरच्या आकारामचा चहा गाळता गाळता हात थांबला आणि बाळासोनं मान खाली घातली.

“काय म्हणाला त्यो?” निसारनं विचारलं.

निसार केरबाकडं वळला.

“केरबा, काय म्हणाला सांग मला.”

केरबा शेडमधून बाहेर आला. “म्हणाला,” तो जड आवाजात म्हणाला, “बहिऱ्याकडं कशाला दिलासा स्टिरिओ.”

“कोण बहिरा?” निसार गरजला. “कोण बहिरा हाय इथं?”

त्याला वाटलं होतं, निदान एक जण तरी म्हणेल, अरे, काय बोलतोस सयाजी, तोंड सांभाळ. पण आकाराम कपांकडे बघत राहिला आणि गल्ली गप्प राहिली. त्या गप्प बसण्यात निसारला सगळं कळलं.

“तुमास्नी ठाव हाय?” त्यानं विचारलं.

“निसारभाय,” केरबा म्हणाला, “नऊ वर्सं झाली मी गटार वलांडून तुझ्या उजव्या अंगाला येऊन चा पितोय. तुला काय वाटलं, मला तिथलं ऊन आवडतंय?”

आकाराम हळूच म्हणाला, “मी तर कप बी उजवीकडंच ठेवतोय की मिस्त्री.”

निसारला आधी लाज वाटली. कपडे उतरवून कुणी चौकात उभं करावं तशी. त्यानं केलेल्या सगळ्या युक्त्या, सरकवलेला स्टूल, रस्त्याची डावी कड, सगळी गल्ली नऊ वर्षं बघत होती आणि त्याला न दुखवता त्याच्या भोवतीनं वळसा घालून जात होती. मग राग आला. राग लाजेपेक्षा बरा, त्यात निदान उभं तरी राहता येतं.

सयाजी आता समजुतीच्या सुरात बोलू लागला, आणि उजवीकडं येऊन बोलू लागला. “रागावू नगा, मिस्त्री. वय झालं, कान गेला, हुतंय असं. तुमचं काम त्या जुन्या डबड्या रेडिओचं हुतं, त्यात तुमचा हात धरणारा कोण न्हवता. पर ह्यो स्टिरिओ हाय. हेला दोन कान लागत्यात. आता घरात बसावं, अल्लाचं नाव घ्यावं.”

“अल्लाचं नाव मी दुकानातबी घेतो,” निसार म्हणाला. “तू थांब. आलायस तर बगूनच जा.”

तो आत गेला आणि बॅटरीतला एक सेल व वीतभर तारेचे दोन तुकडे घेऊन आला. दोन्ही स्पीकर खोक्यांसकट त्यानं बाहेर काढले, तारा सोडवल्या आणि जीपच्या बॉनेटवर आडवे ठेवले. गल्लीतली माणसं कोंडाळं करून उभी राहिली.

“बोट ठेव,” तो सयाजीला म्हणाला. “हेच्या कागदाच्या पडद्यावर. हळू. फाडशील.”

सयाजीनं नाइलाजानं बोट ठेवलं. निसारनं उजव्या स्पीकरच्या लाल तारेला सेलचं टोक लावलं, काळीला बूड. टप्प. पडदा बोटाला धक्का देऊन वर आला.

“पुढं आला का मागं गेला?”

“पुढं.”

“आता ह्या डाव्यावर ठेव.”

पुन्हा तसंच, लालला टोक, काळीला बूड. टप्प. पडदा बोटाखालून आत गेला. सयाजीनं बोट उचललं. निसारनं बाळासोचं बोट ठेवायला लावलं, मग केरबाचं, मग आकारामचं. प्रत्येकाच्या बोटाखाली तो पडदा आत गेला.

“एक पुढं ढकलतोय, दुसरा मागं वडतोय,” निसार म्हणाला. “दोघं मिळून घुमकं खात्यात. ह्या डाव्याच्या तारा उलट्या हायत. लालच्या जागी काळी.”

“आवं मिस्त्री,” बाळासो चटकन बोलून गेला, “त्येच तर मी सकाळी सांगितलं की तुमास्नी. त्या डाव्या स्पीकरची तार तुटलीती. सयाजीरावांच्या दुकानात नवी लावली, पर रंग उलटं लागल्यात म्हटलं, तेवढं बगून जोडा. तुमी म्हणालासा, व्हय व्हय, बगितलंय.”

सगळ्या माना निसारकडे वळल्या.

क्षणभर त्याच्यापुढं दोन वाटा होत्या. एक अगदी सोपी होती. तू मला असं सांगितलंच नाहीस, म्हणून कानावर हात ठेवायचे. बाळासो वयानं लहान, थोडा घुटमळला असता, गप्प बसला असता. दोष सयाजीच्या दुकानाचा होताच. तार तर त्यांनीच उलटी लावली होती. सयाजीचाही चेहरा उतरला होता. गल्ली निसारच्या बाजूनं उभी राहिली असती आणि मूठ, उघडली तरी, अर्धी झाकून घेता आली असती.

“रंग उलटे लावले ती सयाजीच्या दुकानाची चूक,” निसार म्हणाला. “पर बाळासोनं सांगितल्यावरबी मी तसंच जोडलं, ती माझी. मला ऐकू आलं न्हवतं. डाव्या कानानं मला नऊ वर्सं काय म्हंजी काय ऐकू येत न्हाय.”

इतकं सरळ त्यानं ताजबीलाही कधी सांगितलं नव्हतं.

“त्येच म्हणतोय की मी,” सयाजी म्हणाला. “कानाची चूक...”

“कानाची न्हाय!” निसारनं बॉनेटवर हात आपटला, स्पीकर उडाले. “कान काय चूक करंल? कान तर मेलाय. चूक तोंडाची झाली. ऐकू आलं न्हाय तर न्हाय म्हणायचं, परत सांग म्हणायचं. मी व्हय म्हटलं. नऊ वर्सं व्हय म्हणत आलोय, आज अंगाशी आलं. त्येचा गुन्हा कबूल. पर दुकान बंद कर म्हणून सांगणारा तू कोण? दोन कान असलेल्या तुझ्या माणसानं ह्यो दोष घातला आणि वाटंत ऐकून बी तुला त्यो सापडला न्हाय. सापडला का? गाडीत बसलातास की त्येच्या मधोमध!”

कोंडाळ्यात कुणीतरी फसकन हसलं. सयाजीनं खिशातलं पेन नीट केलं, बाळासोला म्हणाला, “मी दुकान उघडं टाकून आलोय,” आणि निघाला. जाताना तो कुणाशी काही बोलला का, हे निसारला कळलं नाही. तो डावीकडून गेला.

काम पाच मिनिटांचं होतं. दोन डाग सोडवले, दोन डाग दिले. स्पीकर परत खोक्यात, खोकी परत गाडीत. डाग गोल आणि चकचकीत पडले. बाळासोनं कॅसेट घातली.

घुमकं आलं. जीपच्या पत्र्यातून, सीटमधून, जमिनीतून आलं. हलगी कडाडली आणि घुमक्यानं तिला खालून असा जबाब दिला की आकारामच्या गाड्यावरचे कप किणकिणले. केरबाची मान आपोआप डोलू लागली. बाळासो तर लहान पोरासारखा स्टिअरिंगवर ताल धरून बसला. मग त्याच्या काही लक्षात आलं आणि तो खाली उतरला.

“मिस्त्री, बसा की. मधे बसून ऐका.”

निसार बसला. उजवीकडची हलगी स्वच्छ येत होती. डावीकडं काही नव्हतं, भिंत असावी तसं. पण घुमकं कानाची वाट बघत नाही; ते सरळ छातीत घुसतं. त्यानं डोळे मिटले. नऊ वर्षांत त्यानं कुठलंच वाद्य असं मधोमध बसून ऐकलं नव्हतं.

“कसं वाटतंय?” बाळासोनं विचारलं, आणि विचारण्याआधी तो गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी आला होता. निसारनं ते पाहिलं. सकाळी याच पोराला काही ठाऊक नव्हतं, आणि आता हाही वळसा घालू लागला होता. निसारला थोडं दुखलं.

“डावीकडलं मला येत न्हाय,” तो म्हणाला. “जेवढं येतंय तेवढ्यात खोट न्हाय. बाकीचं तुझ्या कानावर सोडलं.”

बाळासो जीप घेऊन गेला. जाताना त्यानं आवाज मोठा ठेवला होता. तो पुन्हा येईल की नाही, त्याचे फौंड्रीवाले मित्र येतील की नाही, हे निसारला सांगता आलं नसतं. सयाजीचं दुकान स्टेशन रोडवर होतं, तिथं दिवसाला शंभर माणसं येत. रात्र पडायच्या आत ही गोष्ट कागलपर्यंत जाईल, एवढं मात्र नक्की होतं. जाऊ दे म्हणावं. त्यानं कावी स्टँडवर ठेवली, शिशाचे थेंब खरवडले आणि स्टुलावर बसला. आकारामनं चहा आणला.

“आता कुठं ठेवू, मिस्त्री?”

“हितंच ठेव की. कानाला काय नवी पालवी फुटलीया?”

आकाराम हसला. केरबाचं लेथ पुन्हा सुरू झालं.

चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात रस्त्यावर एक ट्रक थांबला. निपाणीकडची पाटी, तंबाखूचा वास. ड्रायव्हर उडी मारून उतरला, कानशिलापर्यंत मुंडासं, आणि हातात तारा लोंबणारा टेप घेऊन भिंतीच्या कडेनं दुकानात शिरला. निसारच्या डाव्या खांद्याशी उभा राहून तो काहीतरी सांगू लागला. बराच वेळ सांगत होता, हातवारे करत होता. निसारनं कप खाली ठेवला. ‘व्हय व्हय’ त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन थांबलं होतं.

त्यानं हात वर करून माणसाला थांबवलं.

“पावणं, ह्या अंगाला या,” तो म्हणाला, लेथच्या आवाजावरही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “त्या कानानं मला ऐकू येत न्हाय. आता सांगा. पयल्यापासनं सांगा.”